हलती बाग

मटाटू, म्हणजे आमच्याकडची खचाखच भरणारी मिनीबस, फाटकाच्या वळणावर हळू झाली आणि खिडकीतून मला टायरवरची लाल फुली दिसली. ट्रकचा जुना टायर, कापून उलटा करून त्याची कुंडी केलेली, आत जास्वंद. फुली भिंतीवर मारतात, टपरीच्या पत्र्यावर मारतात, रस्त्यात येणाऱ्या चर्चच्या दारावरसुद्धा मारतात, आणि नैरोबीत राहणाऱ्या कुणालाही तिचा अर्थ सांगावा लागत नाही: सात दिवसांत उचला, नाहीतर आम्ही उचलू. पण टायरवरची फुली मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढे एक पाण्याच्या पिंपावर. एक रेल्वेच्या स्लीपरच्या बाकड्यावर. एक पिचकारीच्या बारीक झाडावर, आणि त्याचं खोड माझ्या मनगटाएवढंही जाड नव्हतं, त्यामुळे फुलीचा फक्त मधला ठिपका खोडावर उमटला होता. ब्रश धरणाऱ्याने बाकीची फुली हवेतच मारली असणार. फुल्यांखाली आकडे होते. टायर सतरा, पिंप अठरा, बाकडं एकोणीस. मी ते वाचले, आणि पुन्हा वाचले. सरकारी माणूस मोजायला आला तर तो रस्त्याकडून मोजेल. हे आकडे मागून पुढे येत होते, रुळाच्या बाजूने, हातगाडी लावायच्या जागेपासून. असं उलटं मोजणारी माझ्या माहितीत एकच व्यक्ती होती, आणि ती खिडकीला नाक लावून बसली होती. "फाटक! फाटक कोण?" कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही तर रोज इथंच उतरता." मी मानेनं नाही म्हटलं. मटाटू सुटली.

मला उतरायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. आपण किती भित्रे आहोत हे माणसाला अशा वेळी फार स्वच्छ कळतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. मी मांडीवरची कागदाची नळी घट्ट धरून बसले. नळीत माझ्या पाचव्या, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे कागद होते, वर सुबक अक्षरात नाव: 'हलती बाग', नालियाका सिमियू. नालियाका म्हणजे निंदणीच्या हंगामात जन्मलेली. बुंगोमाला आमच्याकडे मका गुडघ्याएवढा झाला की निंदणी सुरू होते, आणि आईला कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या हातात खुरपं होतं असं सगळे हसून सांगतात. वडील अजून गावात लोकांना सांगतात की पोरगी शहरात सरकारी खर्चाने गवत लावायला शिकतेय. लँडस्केप आर्किटेक्चर हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही तोंडात तो कधी नीट बसला नाही. पहिल्या वर्षी वर्गात बाकीच्यांनी परदेशी बागांची पुस्तकं चाळली होती, कुणाच्या घरी हिरवळ होती, कुणाच्या घरी हिरवळ कापायला माणूस होता. मला मका, वाल आणि रताळी येत होती. दुसऱ्या वर्षी म्बिथी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'शहराकडून शिका', आणि आम्हाला सोडून दिलं. सगळे मोठ्या उद्यानांत गेले, कारंज्यांचे फोटो काढून आले. मी फाटकाच्या स्टॉपवर उभी होते, पुढच्या मटाटूसाठी, कारण माझ्याकडे दुसरीकडे जायला कारण नव्हतं. ऊन असं होतं की डांबराचा वास घशात उतरत होता. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "तिथं काय भाजून निघायला उभी आहेस? आत ये. बस. फुकट आहे."

ती ओकुमूची आई. तिचं स्वतःचं नाव मला पुढे दोन वर्षं कळलं नाही, आणि ओकुमू कधीच दिसला नाही. तो मोंबासाच्या बंदरात होता, किंवा होता असं ती म्हणायची. फाटकाचा रस्ता आणि रूळ यांच्यामधल्या लांबट पट्टीवर तिची रोपवाटिका होती, डब्यांची आणि टायरांची आणि काळ्या पिशव्यांची. डोक्याला हिरवा रुमाल, पायात पुरुषी गमबूट. मी आत पाऊल टाकलं आणि माझ्या कानातला रस्ता बंद झाला. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला ते नीट सांगता येत नाही. बाहेर ट्रक, हॉर्न, कंडक्टरांची आरडाओरड, आणि चार पावलं आत आल्यावर ओली माती, शेणखत आणि सावली. उंच झाडं सगळी रस्त्याकडे, एकाला एक लागून: सिल्व्हर ओक, बाटलीब्रश, बांबू. त्यांच्यामागे कमरेएवढी. त्यांच्याही मागे, रुळाच्या अंगाला, नाजूक सावलीतली. मधून वाट, ना कमी ना जास्त, अगदी एका हातगाडीच्या रुंदीची. टोकाला रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं बाकडं. मी बसले आणि समोरच्या झाडाला म्हटलं, किती सुंदर निळमोहर आहे. तर ती म्हणाली, "निळमोहर? बाई गं, हे बाभळीतलं आहे. कुठं शिकतेस तू?"

"झाडांचंच शिकते," मी म्हटलं.

"फी परत माग," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिथं जायला लागले ती चार वर्षं. मला शहराने काही शिकवलं नाही, तिने शिकवलं. रोप पिशवीतून डब्यात कधी हलवायचं, मूळ तळाशी गोल फिरायला लागलं की झाड रुसतं म्हणजे काय करतं, कुठली झाडं एकमेकांशेजारी चालतात. शेजारच्या वाटिकेतली वांगेची मला बघून ओरडायची, "आली का नकाशेवालीबाई? आज काय मोजणार, माझं नाक?" कारण मी मोजायचे. वाटेची रुंदी, बाकड्याची उंची, दुपारी दोनची सावली, चारची सावली. आणि मला शोध लागला की ही बाग हलते. दर दोनतीन महिन्यांनी ओकुमूची आई आणि हातगाडीवाला ओबुरू मिळून सगळे डबे उचलायचे आणि वेगळ्या पद्धतीने मांडायचे, कधी ऊन फिरलं म्हणून, कधी, मला वाटायचं, नुसती हौस म्हणून. संपूर्ण बाग, मुळांसकट, दोन फूट इकडे, चार फूट तिकडे. मी वेडी झाले. आमच्या पुस्तकांतल्या बागा मेल्यासारख्या एका जागी पडलेल्या असायच्या, आणि इथे एक बाई, जिला शाळेची तिसरी इयत्ता माहीत नाही, ती बागेला श्वास घ्यायला लावत होती. मी चौथ्या वर्षी म्बिथी सरांना आकृत्या दाखवल्या: जानेवारीतली बाग, मार्चमधली, जूनमधली, एकावर एक पारदर्शक कागद. सरांनी कागद एकेक करून उचलून पाहिले. मग म्हणाले, "ही जागा नीट मोज. सगळी. एक डबासुद्धा सोडू नकोस. आणि जमीन कुणाची ते शोधून काढ, त्याशिवाय हा कागद म्हणजे नुसतं चित्र आहे."

जमीन कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच्यावरच ते सगळे जगत होते. हे वाक्य मी आता लिहिते आहे. तेव्हा मला त्याचा पहिलाच अर्धा भाग दिसला होता. रेल्वेवाले म्हणत पट्टी रस्त्याची, रस्तेवाले म्हणत पालिकेची, पालिका म्हणे रेल्वेची. कुणी उठवायला आलंच तर त्याला विचारायचं, कुठल्या खात्याकडून आलात साहेब, आणि त्याच्याकडे उत्तर नसायचं. मी दोन आठवडे मोजणीच्या कचेरीत बसले. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाला माझी कीव आली असावी, त्याने मला जुने कापडावरचे नकाशे काढून दिले. मी तीन नकाशे जुळवले आणि हद्दीचा दगड कुठे असायला हवा ते काढलं. तो शेणखताच्या ढिगाखाली यायला हवा होता. ओकुमूच्या आईने स्वतः फावडं घेतलं. "तुझा दगड माझ्या खताखाली कशाला येईल?" म्हणत ती उपसत होती आणि मी खाली बसून हातांनी माती काढत होते, आणि मग बोटांना सिमेंट लागलं, लोखंडी पट्टीचं टोक लागलं, त्यावरचा आकडा लागला. मी उभी राहून नाचले. खरंच नाचले. वांगेचीने टाळ्या वाजवल्या, ओबुरूने शिट्टी मारली. ओकुमूच्या आईने दगडावर पाणी ओतून तो धुतला, पदरासारख्या गुंडाळलेल्या रंगीत कांगा कापडाच्या टोकाने पुसला, आणि म्हणाली, "दिसतोय तर चांगला." सगळी पट्टी रस्त्याची निघाली. एक इंचसुद्धा संशयाला जागा उरली नाही. मी ते कागदावर लाल रेघेने काढलं, कारण हद्द लाल रेघेने काढायची असते.

या आनंदाची मला सर्वांत जास्त लाज वाटते. वाईट हेतूने केलेल्या गोष्टीची माणूस माफी तरी मागू शकतो.

त्या नकाशाची एक प्रत मी तिला भेट दिली. प्लास्टिकमध्ये बसवून, वर दोरी लावून. प्रत्येक डब्याला, टायरला, बाकड्याला आकडा होता, आणि मी मागून पुढे मोजलं होतं, कारण तिने मला पहिल्यांदा जागा दाखवली ती तशीच, हातगाडीच्या बाजूने. खाली तिचं नाव लिहायचं म्हणून मी विचारलं, तेव्हा ती थोडी लाजली. "आकेल्लो," ती म्हणाली. "पण ते कोण वाचणार?" मी मोठ्या अक्षरात लिहिलं: रोपवाटिका, श्रीमती आकेल्लो. तिने नकाशा बाभळीला टांगला. गिऱ्हाइकांना दाखवायची, बोट ठेवून, "ही मी. हे माझं पिंप. हे कॉलेजचं आहे, शिक्क्याचं." शिक्का आमच्या विभागाचा होता, तो आम्ही घरच्या अभ्यासावरही मारत असू. मी तिला ते सांगितलं का? नाही सांगितलं. तिचा आनंद बघून मला बरं वाटत होतं, आणि त्यात माझाही फुकटचा मोठेपणा होता. मग एका सकाळी मी गेले तर ती खड्डे खणत होती. बारा खड्डे. तिची सगळ्यांत चांगली झाडं, ज्यांच्यापासून ती बिया आणि कलमं घ्यायची ती बारा मातृझाडं, डबे कापून तिने जमिनीत लावली. "तीस वर्षं डब्यात ठेवलं यांना," ती म्हणाली. "आता आपण कागदावर आहोत. आता यांना पाय पसरू देत." मी तिला खत ओढू लागले. पिचकारीचं झाड मीच धरलं होतं, सरळ उभं राहावं म्हणून.

नंतरचं सगळं रीतसर झालं. शहर सुशोभित करायची विद्यार्थ्यांची स्पर्धा निघाली, रस्ते खात्याच्या सल्लागार कंपनीने ती भरवली, सरांनी माझे कागद पाठवायला लावले, नियमांच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की पाठवलेलं सगळं आयोजकांचं होईल, आणि ते मी वाचलं होतं. मी वाचलं नव्हतं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माझी 'हलती बाग' पहिली आली. कंपनीतल्या बाईंनी हात हातात घेऊन विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" मी म्हटलं, शहराकडून. त्या म्हणाल्या, परीक्षा झाली की सोमवारपासून आमच्याकडे या. मी वडिलांना फोन केला. त्यांनी विचारलं, गवतच लावायचं का तिथंही? आणि ते इतके खूश होते की त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

तर त्या फुल्यांच्या दिवशी मी कॉलेजात गेले, स्टुडिओत माझा कागद टाचला, आणि सरांना म्हटलं की त्यांनी माझी यादी वापरली आहे. फुल्यांखाली माझे आकडे आहेत. म्बिथी सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"तुझी यादी अचूक होती म्हणून वापरली," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची वापरता आली नसती."

"सर, पण मी ती त्यांच्यासाठी नव्हती केली."

"मग कुणासाठी केलीस?"

मी टाचलेल्या कागदाकडे पाहिलं. मार्कांसाठी, असं खरं उत्तर होतं. तुमच्यासाठी, हेही खरं होतं. सर म्हणाले, "बाग होणार आहे नालियाका. पार्किंग नाही, मॉल नाही, बाग. या शहरात हे किती वेळा होतं? तू आणि मी मेल्यावरही लोक तिथं सावलीत बसतील." मग खिडकीतून बाहेर बघत, जरा हळू, "माझी आई भाजी विकायची बसस्टँडवर. तिथं आता पूल आहे. पुलावरून मी रोज येतो." मला वाटलं ते आणखी काही बोलतील. त्यांनी चष्मा घातला आणि पुढच्या मुलाचा कागद बघायला लागले. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पायरीवर बसून मंडाझी, ती गोडसर तळलेली पुरी, खाल्ली, दोन खाल्ल्या, आणि भूक लागली आहे याचाच मला राग आला. नोकरी नाकारायची, कंपनीला पत्र लिहायचं, वर्तमानपत्रात जायचं, असं सगळं मी मनात व्यवस्थित, क्रमाने केलं. मनात मी फार शूर असते. संध्याकाळी मी फाटकाच्या आधीच्या स्टॉपला उतरून दुसऱ्या रस्त्याने घरी गेले. असं मी पाच दिवस केलं.

सहाव्या दिवशी सकाळी गेले. सगळी पट्टी उघडी पडली होती. दोन्ही बाजूंच्या वाटिकावाल्यांनी आपापलं सामान हातगाड्यांवर चढवलं होतं आणि मला पहिल्यांदाच रस्त्यावरून थेट रूळ दिसला. वांगेची दोऱ्या आवळत होती. मला बघून तिने दोरी सोडली नाही, फक्त आवाज चढवला.

"या, नकाशेवालीबाई. बघा, तुमची बाग हलतेय. खूश ना?"

"मला माहीत नव्हतं गं ते असं करतील..."

"तुला काय माहीत होतं ते सांग. हे डबे कशाला असतात ते माहीत होतं?"

मी गाडीवरच्या डब्यांकडे पाहिलं.

"शिपाई आले की अर्ध्या तासात उचलता यावेत म्हणून. ही वाट एवढीच रुंद का? गाडी आत येऊन भरता यावी, आणि त्यांची जीप येऊ नये म्हणून. उंच झाडं पुढे का?" तिने गाठ मारली, गाडीवर पाय रोवून खेचली. "आत किती माल आहे ते रस्त्यावरून दिसू नये म्हणून. तू ते चित्रात काढलंस, खाली लिहिलंस, धूळ अडते म्हणून. मला वाचून दाखवलं ओबुरूने. मी म्हटलं, शिकलेली आहे पोरगी, धूळ पण अडत असेल."

"मग दर दोन महिन्यांनी जागा बदलायची ती?"

"कुणी साहेब फोटो काढून गेला की बदलायचो. म्हणजे त्याच्या फोटोशी काही जुळू नये. तुझ्या फोटोंना कुणी हरकत घेतली नाही. ओकुमूच्या आईनं सांगितलं होतं, पोर आपली आहे."

चार वर्षं मी ज्याला रचना म्हणत होते ती भीती होती. इतक्या वर्षांत घासून घासून ती इतकी नेटकी झाली होती की मला ती सुंदर दिसली, आणि मी तिची मापं घेतली, तिला नाव दिलं, तिच्यावर पहिला नंबर मिळवला. वांगेची पुढे काहीतरी बोलत होती, तिचं तोंड हलताना दिसत होतं. मला आमच्या स्टुडिओची पांढरी भिंत आठवत होती आणि तिच्यावर टाचलेले ते पारदर्शक कागद, जानेवारी, मार्च, जून, आणि त्यांच्यासमोर उभं राहून मी म्हटलेलं वाक्य: ही बाग ऋतूंबरोबर श्वास घेते. कुणी तेव्हा हसलं असतं तर बरं झालं असतं.

ओकुमूची आई बाकड्यावर बसून चहा पीत होती. तिचा एक डबाही हललेला नव्हता. बारा झाडं जमिनीत तशीच उभी होती, सगळ्यांवर फुल्या. ओबुरूची रिकामी गाडी वाटेत तिरकी लावलेली होती आणि तो तिच्या दांड्यावर बसून होता. मला बघून म्हणाला, "तुम्ही तरी सांगा हिला. उद्या शेवटचा दिवस. मी तीन दिवस येतोय आणि जातोय." ओकुमूच्या आईने सरकून मला जागा करून दिली, नेहमीसारखी.

मी बसल्याबसल्या बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते. "तो नकाशा माझ्याकडून गेला. माझ्या हाताने गेला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आकडे बघितले तेव्हाच कळलं. मागून पुढे मीच तर तुला फिरवलं होतं. चहा घे." थर्मासमधून तिने झाकणात ओतला. "पाच दिवस आली नाहीस. मला वाटलं आजारी पडलीस का काय."

"तुमची गाडी भरायला हवी. झाडं आत्ता खणली तर निम्मी तरी जगतील."

"का खणू? वांगेचीला जायला हवं, ती चित्रात नाही. मी आहे." आणि तिने हाताने दाखवलं. रस्त्याच्या कडेला, तीन दिवसांपूर्वी उभारलेला, दोन माणसांएवढा फलक. इथे होणार आहे, वगैरे. माझं चित्र. मी ते पडद्यावर हाताएवढं बघितलं होतं, इतकं मोठं कधी नाही. निळमोहरांची रांग, पुढे गुळगुळीत वाट, वाटेवर पळणारी बाई, सायकलवरचं मूल, आणि उजवीकडे दगडी बाकावर, सावलीत, हिरवा रुमाल बांधलेली, हसणारी ओकुमूची आई. फोटो मीच काढला होता, ती रोपं निवडत होती तेव्हा. मांडीवरची रोपांची परात मी चित्रातून काढून टाकली होती, कारण बागेत विक्री दाखवायची नाही असं सरांनी सांगितलं होतं. तिचे हात त्यामुळे हवेत काहीतरी धरल्यासारखे राहिले होते.

"ओबुरूला म्हटलं, बघ, मला बसवलंय त्यांनी," ती सांगत होती. "बाक पण चांगला दिलाय, पाठीला टेकायला आहे. आता बाग करायची म्हणजे झाडं बघायला कुणीतरी लागणारच. हातात काही दिसत नाही तेवढं. पण ते मग देतील. झारी वगैरे." ती माझ्याकडे वळली. "तूच घातलंस ना मला? मला माहीत होतं तू विसरणार नाहीस."

मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर ती आणखी एक दिवस सुखात बसली असती, आणि उद्या सकाळी बुलडोझर आल्यावर फलकाकडे बोट दाखवून त्या माणसांना समजावत राहिली असती. मी चहा खाली ठेवला.

"चित्रात माणसं घालावी लागतात, ओकुमूच्या आई."

"का?"

"झाड केवढं आहे, बाक केवढा आहे, ते बघणाऱ्याला कळावं म्हणून. माणूस केवढा असतो ते सगळ्यांना माहीत असतं ना. त्याच्यावरून बाकीचं मोजतात. सगळेच घालतात. फोटोतून कापून लावायचे असतात. कोणाचे का असेनात."

ओबुरू दांड्यावरून उठला आणि उगाच गाडीचं चाक तपासायला लागला. ओकुमूची आई फलकाकडे बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, तिच्या गमबुटांकडे बघितलं, त्यांना माती लागून वाळलेली होती.

"म्हणजे तिथं मी बसणार नाही."

"नाही."

"म्हणजे हा फलक मला हाकलत होता, आणि मी त्याच्याकडे बघत बसून राहिले तीन दिवस?" ती स्वतःलाच म्हणाल्यासारखी म्हणाली. मग तिने ओबुरूला हाक मारली, "पहार आण रे." तो पळत गेला. तिने माझ्या झाकणातला उरलेला चहा जमिनीवर ओतला, झाकण थर्मासवर घट्ट फिरवलं, उठली. उभं राहायला तिला गुडघ्यावर हात टेकावा लागला. पहार हातात घेऊन ती पिचकारीपाशी गेली, खाली बघितलं, मुळं कुठपर्यंत गेली असतील याचा अंदाज घेतला, आणि पहार न मारताच पुन्हा एकदा फलकाकडे वळून बघितलं.

"उंची तरी बरोबर घेतलीस का माझी?"

स्टुडिओत कॉम्प्युटरवर ते चित्र केलं त्या दुपारी सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. झाडं अंगावर येत नाहीत, म्हणाले, माणसं जरा बारीक कर. मी पडद्यावर तिच्या फोटोचा कोपरा पकडून आत ओढला. एकदा, मग आणखी एकदा. झाडं लगेच मोठी दिसायला लागली. छान, सर म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर."